सांगलीतून ड्रायव्हरसह गाडी करून एका दिवसात समुद्राचे कडे: जमतं का?

कृष्णाकाठ
मंडळी नमस्कार. डिसेंबरात एका शनिवारी सांगलीहून ड्रायव्हरसह गाडी करून कोकणात जायचं आहे, रात्री परत. आम्ही सहा जण, त्यात दोघं सत्तरीच्या पुढचे. पोहायचं नाही, वाळूत लोळायचं नाही. उंच कड्यावरून खाली आपटणारा समुद्र बघायचा, एवढंच. त्या दिवशी अष्टमी आहे. चार प्रश्न: कुठला कडा, कुठली गाडी, भाडं कसं ठरवायचं आणि पहाटे किती वाजता निघायचं. 'मुक्काम करा' सोडून काहीही सांगा.

भडंगवाला
मुक्काम करा.

पिवळी_पाटी
भाड्याचं आधी. बाहेरगावच्या भाड्याला दिवसाला किमान किलोमीटर धरतात, बहुतेक ठिकाणी ३००. तुम्ही २२० फिरलात तरी पैसे ३०० चे. तुमची फेरी त्याच्या पुढे जाते, त्यामुळे ही अट तुम्हाला लागत नाही. लागतात त्या बाकीच्या गोष्टी:

किलोमीटर कुठून मोजणार? 'गॅरेज टू गॅरेज' असेल तर गाडी मिरजेतून विश्रामबागेत येते तिथपासून मीटर तुमचं. दिवस कसा मोजणार? काही जण २४ तास धरतात, काही जण रात्री १२ ला तारीख बदलली की दुसरा दिवस लावतात. तुम्ही सव्वाबाराला घरी पोचलात तर दुसऱ्या दिवसाचे किमान ३०० किलोमीटर आणि ड्रायव्हरचा आणखी एक भत्ता मागायला मोकळे. टोल, पार्किंग वेगळं. एसी घाटात बंद की चालू, हेसुद्धा आधीच बोला. हसू नका, भांडणं यावरूनच होतात.

उदाहरण म्हणून किलोमीटरला १६ रुपये आणि भत्ता ५०० धरा. सांगली-कोल्हापूर-आंबा घाट-रत्नागिरी साधारण १८०, तिथून आरे-वारे करून गणपतीपुळे २५, परतीला निवळीमार्गे १९०. म्हणजे ३९५. गावातलं इकडंतिकडं धरून ४०० म्हणा. ६४०० अधिक ५००, झाले ६९००, वर टोल-पार्किंग. हे सगळं व्हॉट्सअपवर लिहून घ्या आणि निघताना मीटरचा फोटो काढा. परत आल्यावर दुसरा.

घाटवाट
वरच्यात भर. पाटी बघा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे भाड्याची गाडी. पांढरी पाटी म्हणजे खासगी. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी दोन रुपये कमीनं मिळते, पण भाड्यानं जाताना काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते. एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा आणि फिटनेस कधीपर्यंत आहे ते दिसतं. दोन मिनिटांचं काम.

वारणेचा_वाघ
काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असली तर ती स्वतः चालवायला भाड्यानं देतात ती गाडी. त्यात ड्रायव्हर बसवून पाठवत असले तर नको म्हणा.

मिरजकर_मावशी
गाडी कुठली यावर कुणी बोलेना. सहा जण अधिक ड्रायव्हर म्हणजे सात. अर्टिगा सात सीटर आहे, कागदावर बसतं. पण तिसऱ्या रांगेत बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागतात आणि घाटात सगळ्यात आधी त्यालाच मळमळतं, कारण मागच्या चाकांवरचा झोका सगळा त्याच्या अंगावर. सीएनजीची असली तर डिकीत टाकी. मग पाण्याचा कॅन, पिशव्या, चपला सगळं पायाशी. ज्येष्ठ मंडळी आहेत तर इनोव्हा घ्या. ज्याला गाडी लागते तो पुढं, आणि त्यानं मोबाइल बघायचा नाही, रस्ता बघायचा. घाटाआधी मिसळ नको, इडली चालेल. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि घाट सुरू व्हायच्या निदान अर्धा तास आधी. घाटात शिरल्यावर घेतलेली गोळी बाहेरच येते.

भडंगवाला
भडंग चालेल का मावशी?

मिरजकर_मावशी
कांदा न घालता. बंद गाडीत सहा जणांच्या मध्ये कच्चा कांदा म्हणजे घाटाची गरजच नाही.

भरतीओहोटी
मूळ प्रश्नात सगळ्यात कामाची गोष्ट 'अष्टमी' ही होती आणि तीच सगळ्यांनी सोडली. कड्यावरचा समुद्र घड्याळावर चालत नाही, तिथीवर चालतो. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे ८ ची पाऊणपट ६. सकाळी सहाच्या सुमारास भरती, पुढं सहा-सव्वासहा तासांनी म्हणजे सव्वाबाराच्या आसपास पूर्ण ओहोटी, संध्याकाळी साडेसहाकडे परत भरती.

याचा अर्थ तुम्ही दहा ते दोन या वेळात तिथं असाल तेव्हा पाणी उतरलेलं. खालच्या कातळावर उतरायला उत्तम, कड्यावर आपटणाऱ्या लाटा बघायला सगळ्यात वाईट. शिवाय अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. आपटणाराच समुद्र हवा असेल तर अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचा दुसरा-तिसरा दिवस पकडा. उधाण तेव्हा जोरात असतं, आणि भरती बारा-दोनच्या दरम्यान येते, नेमकी तुम्ही तिथं असताना.

गणितमास्तर
ठोकताळ्यात खोट आहे. पौर्णिमा १५, पाऊणपट सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा १, पाऊणपट पाऊण. सव्वाअकरावरून पाऊण वाजता? एका दिवसात दीड तासाची उडी?

भरतीओहोटी
बरोबर पकडलंत. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. पाऊणपट म्हणजे ४५ मिनिटं, तिथं रोजची पाच मिनिटं खाल्ली जातात आणि पंधरवड्याच्या शेवटी ती एकदम बाहेर येतात. तिथीला ४८ मिनिटं धरली तर १५ × ४८ = ७२०, म्हणजे बरोबर १२ तास, आणि प्रतिपदेला ४८ मिनिटं. उडी गेली. पण तोंडी हिशोबाला पाऊणपट सोपी म्हणून ती टिकली. दोन्हीत अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतोच, तेव्हा ठोकताळ्यानं दिवस निवडा आणि वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घ्या. तक्ता रत्नागिरीचा बघा. मुंबईचा बघून रत्नागिरीला जाऊ नका, आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर सरकते, रत्नागिरीला आधी येते.

सज्जनगडी
धागा सांगलीकरांचा आहे तरी घुसतो. आम्ही सातारकरांनी आंबा घाटाला कशाला जायचं? आमचा रस्ता उंब्रज-चाफळ फाटा-मल्हारपेठ-पाटण-कोयनानगर-कुंभार्ली घाट-चिपळूण-गुहागर. साताऱ्याहून निघून उंब्रजलाच वळायचं, तासवडे टोल पुढं राहतो. गुहागरच्या अलीकडे मोडकाआगरला वळून पालशेत, वेळणेश्वर, हेदवी. हेदवीची बामणघळ म्हणजे काळ्या कातळातली अरुंद चीर. भरतीला लाट आत शिरते, मागं जायला जागा नाही म्हणून वर उसळते. ओहोटीला गेलात तर नुसती भेग आणि तळाशी थोडं पाणी. तेव्हा भरतीओहोटी यांनी सांगितलेलं पौर्णिमेचं गणित इथं शंभर टक्के लागू. पहाटे पाचला निघालं की साडेदहा-अकराला हेदवीत. बरोबर भरतीच्या तोंडावर.

कातळ
बामणघळीबद्दल एक. घळीच्या काठावर उभं राहून आत वाकून बघायचं नाही. लाटा सारख्या मापाच्या येत नाहीत. पाच-सात बेताच्या येतात आणि मग एकामागून एक मोठ्या. काठचा कातळ ओला आणि काळा दिसतोय ना, तिथवर पाणी आलेलं आहे. कोरडा, करडा, पांढुरका कातळ जिथून सुरू होतो त्याच्याही चार पावलं मागं उभं राहायचं. पोचल्यावर दहा मिनिटं नुसतं बघा, मग जागा ठरवा.

सज्जनगडी
आणि हिरवा कातळ?

कातळ
हिरव्यावर पाय ठेवला की निर्णय तुमचा राहत नाही.

कुंभार्लीकर
सज्जनगडी, चाफळ फाट्याला कशाला गुंतवताय लोकांना? उंब्रजवरून चरेगावमार्गे मल्हारपेठ. नवा माणूस चाफळला जाऊन बसेल.

सज्जनगडी
मान्य. चरेगाव. पेढे पाठवतो.

सह्याद्री_पोटात
मग हरिहरेश्वर का नको? प्रदक्षिणेचा मार्ग, कातळातल्या पायऱ्या, तसा कडा दुसरीकडं नाही.

घाटवाट
साताऱ्याहून मेढा-महाबळेश्वर-आंबेनळी-पोलादपूर आणि तिथून पुढं आणखी बरंच. वळणं मोजून थकाल. शिवाय तिथला प्रदक्षिणेचा खालचा टप्पा भरतीत पाण्याखाली जातो. ओहोटीची वेळ चुकली तर वरून परत. एका दिवसाच्या फेरीत अशी एकाच वेळेवर अडकलेली जागा ठेवायची नाही.

आंबाघाट_धुकं
सांगलीकरांसाठी जागा सांगतो, कृष्णाकाठ यांनी विचारलेलं तेच.

आरे-वारे: गाडीतून उतरायचंसुद्धा काम नाही. रस्ताच कड्यावरून जातो, खाली दोन किनारे आणि मध्ये खाडीचं तोंड. सत्तरीच्या मंडळींना यापेक्षा सोपं काही नाही. फक्त गाडी वळणावर थांबवायची नाही, मोकळ्या जागेत घ्यायची.

रत्नदुर्ग, म्हणजे भगवती किल्ला: गाडी बरीच वर जाते, पुढं थोड्या पायऱ्या. तीन बाजूंनी समुद्र.

जयगडचं कऱ्हाटेश्वर: देऊळ कड्याच्या पोटाशी, समोर कातळ आणि समुद्र. पण पायऱ्या उतरून जायचं आणि त्याच चढायच्या. गुडघे विचारून ठरवा. गणपतीपुळ्याहून पुढं वीसेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन चाळीस वाढले.

कशेळीची देवघळी: रत्नागिरीहून पावस-पूर्णगड-गावखडी करून दक्षिणेला. खरा कडा बघायचा तर हाच. सड्यावरून, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरून, थोडं चालत गेलं की जमीन एकदम संपते. जवळच कनकादित्याचं देऊळ आहे आणि कशेळीच्या सड्यावर हत्तीचं भलं मोठं कातळशिल्प. कोकणातल्या कातळशिल्पांची नावं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात कशेळी आहे. पण देवघळी आणि गणपतीपुळे एका दिवसात दोन्ही नको. एक दक्षिणेला, एक उत्तरेला. मध्ये रत्नागिरी शहर.

कातळ
देवघळीला काठाची भीती वेगळी आहे, समजून घ्या. वरचा थर जांभ्याचा, कडक आणि भोकाभोकांचा. त्याखाली मऊ मातीचा थर असतो, तो पावसानं आणि वाऱ्यानं आतून झडतो. त्यामुळं वर उभं असताना आपण जमिनीवर आहोत असं वाटतं, प्रत्यक्षात पायाखाली पुढं आलेलं छप्पर असतं. काठापासून तीन-चार मीटर आत थांबा. काठाला समांतर भेग दिसली तर तिच्या समुद्राकडच्या बाजूला जायचंच नाही. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, ते चपलेखाली गवताच्या काड्यांसारखं नाही, मण्यांसारखं सरकतं. रबरी चप्पल नको, मागून पट्टा असलेलं काहीतरी घाला.

फोटोवेडा
कडे पश्चिमेकडं तोंड करून आहेत, सकाळी सावलीत असतात. फोटोत काळा ठोकळा येतो. दुपारी दोननंतर ऊन अंगावर येतं, तेव्हा जांभ्याचा तांबडा रंग उठतो. सूर्यास्त तर चुकवूच नका, डिसेंबरात सहा वाजून पाच-दहा मिनिटांनी.

पिवळी_पाटी
आणि सूर्यास्त बघून निघालं की काय होतं तेही लिहा ना. आरे-वारेहून सव्वासहाला निघाला. सातला हातखंबा, साडेआठला आंबा घाटात, अंधार, समोरून येणारे प्रखर दिवे. कोल्हापूर साडेदहा, सांगली पावणेबारा. ड्रायव्हर पहाटे साडेतीनला उठलेला. वीस तास जागा माणूस घाटात स्टिअरिंगवर. गाडीचं भाडं ठरवता तसे त्याचे तासही ठरवा. कायद्यात मोटार वाहतूक कामगाराचा दिवस आठ तासांचा आहे, १९६१ पासून. आपण सगळे तो मोडूनच ही फेरी करतो, तेव्हा निदान किती मोडायचा ते तरी बघा.

फोटोवेडा
मग सूर्यास्त नाहीच?

आंबाघाट_धुकं
आहे की. सव्वातीनला आरे-वारे सोडा. सव्वाचारला हातखंबा, पुढं पाली, नाणीज, साखरपा पाच-सव्वापाच. पावणेसहाला घाटमाथ्याजवळ. घाट पश्चिमेला उघडा आहे, सूर्य कोकणावर मावळताना तिथून दिसतो. समुद्रात बुडणारा नाही, डोंगरांच्या रांगांमागं जाणारा. आणि घाट उजेडात चढून झालेला असतो. नऊ-सव्वानऊला सांगली. थांबताना मात्र रस्त्याच्या कडेला नाही, जागा केलेली आहे तिथंच.

फोटोवेडा
हे डोक्यात आलंच नव्हतं. घ्या, सूर्यास्त तुमचा.

घाटवाट
जाताना उतरण आहे, म्हणून ड्रायव्हरकडं लक्ष द्या. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा: दुसरा-तिसरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडणारा असला तर पहिल्याच वळणाला सांगा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की चकत्या तापतात, ब्रेक ऑइल उकळतं, पायाखालचं पेडल मऊ होतं आणि खाली जायला लागतं. करपल्याचा वास आला की सुरक्षित जागी थांबायचं, पंधरा-वीस मिनिटं. चाकावर पाणी ओतायचं नाही, तापलेली चकती वाकडी होते.

वारणेचा_वाघ
रस्त्याचं बोला. कोल्हापूर-रत्नागिरी चौपदरीकरणात ठिकठिकाणी वळवलेला रस्ता, खडी, धूळ. नकाशावरच्या वेळेत पाऊण तास मिळवा. सांगलीहून कोल्हापूर शहर टाळायचं तर आष्टा-वडगाव-वारणानगर-कोडोली-बांबवडे असं निघता येतं, पण उसाचा हंगाम चालू असतो. डिसेंबरात पहाटे ट्रॉल्या, मागं दिवा नाही, लाल कापडसुद्धा नाही. अंधारात मोठा रस्ताच बरा.

भडंगवाला
ट्रॉलीच्या मागं ऊस ओढत चालणारी पोरं दिसली की समजायचं सांगली जिल्हा अजून संपला नाही.

कुंभार्लीकर
पावसाळ्यात कुणी हा धागा वाचून निघेल म्हणून लिहितो. जून ते सप्टेंबर ही फेरी एका दिवसात ठरवू नका. २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली होतं आणि आंबा घाटही खचला होता. घाट बंद झाला की तुम्ही खाली आणि घर वर. कड्यावरच्या लाटा तेव्हाच सगळ्यात मोठ्या असतात हे खरं, पण त्या बघायला मुक्कामाची तयारी ठेवून जायचं.

सज्जनगडी
हेदवीहून तवसाळला जाऊन फेरीबोटीनं जयगड, तिथून गणपतीपुळे आणि आंबा घाटानं वर, असा गोल होतो का एका दिवसात?

घाटवाट
कागदावर होतो. बोट गाडीसकट पलीकडं नेते, खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही. पण शनिवार-रविवारी बोटीच्या रांगेत गेलेला तास परत मिळत नाही, आणि साताऱ्याला यायला आंबा घाट म्हणजे कोल्हापूरवरून वळसा. दोन दिवस असतील तर सुरेख.

मिरजकर_मावशी
मुक्कामाचा हिशोब कुणीतरी मांडा, उगाच टाळताय. पिवळी पाटी यांच्याच आकड्यांनी: दोन दिवस म्हणजे किमान ६०० किलोमीटर, १६ नं ९६००, दोन भत्ते १०००. १०,६०० झाले, एका दिवसाचे ६९००. फरक ३७००, वर खोल्या. आणि ड्रायव्हर कुठं झोपणार ते हॉटेलला आधी विचारा. ड्रायव्हरची खोली सगळीकडे नसते, मग तो डासांत गाडीत झोपतो आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला घाट चढवतो.

पिवळी_पाटी
मावशी, हे लिहिल्याबद्दल आभार. एका दिवसाच्या फेरीतही दुपारी एक ते अडीच त्याला सोडा. जेवण तुमच्याबरोबर नाही, तुमच्या आधी. त्याला फोटो काढायला कड्यावर बोलावू नका. गाडी सावलीत, काचा थोड्या खाली, आणि झोपू द्या. आणि वाळूवर गाडी घ्यायला सांगू नका. भरती चढली की ओली वाळू चाकं धरते, ट्रॅक्टरवाला मागेल ते द्यावं लागतं. खारं पाणी खालच्या पत्र्याला लागलं तर धुलाईचे पैसे तुमच्याकडंच येणार.

गणितमास्तर
रोख पैसे ठेवा. घाटात आणि सड्यावर रेंज जाते, मग कोकम सरबतवाल्यासमोर सहा जण मोबाइल हवेत धरून उभे. नकाशा आधीच उतरवून घ्या.

कृष्णाकाठ
सगळं वाचलं. अष्टमीचा शनिवार सोडला. पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला सुट्टी मिळते आहे, ४८ मिनिटांच्या हिशोबानं भरती एक वाजून छत्तीस. पहाटे साडेचार, इनोव्हा, रत्नदुर्ग सकाळी, बारा ते दोन आरे-वारे, सव्वातीनला परत फिरायचं, सूर्य घाटात. गणपतीपुळे रद्द, घरच्यांशी त्यावर बोलणी चालू आहेत. एक शंका: दुपारी एक ते अडीच ड्रायव्हर झोपला तर बारा ते दोन आम्ही आरे-वारेला, मग जेवायला कसं जायचं?

पिवळी_पाटी
आरे-वारेच्या खाली गावात घरगुती जेवण मिळतं, पण सकाळी फोन करून सांगितलेलं असलं तर. मासे आणि शाकाहारी ताटं मोजून सांगायची, तिथं जादा शिजवून ठेवत नाहीत. गाडी तिथंच लावा, तो झोपेल, तुम्ही जेवा. भरती ऐन टिपेला असेल तेव्हा तुम्ही परत वर.

भरतीओहोटी
द्वितीया सकाळी कितीला संपते ते पंचांगात बघून घ्या. नऊला संपून तृतीया लागत असेल तर अर्धा-पाऊण तास पुढं धरा. आणि तक्ता बघाच.

भडंगवाला
गणपतीपुळ्याचं घरच्यांना कोण सांगणार आहे ते आधी ठरवा. कडा तिथूनच सुरू होतो.